शेवटची तारीख

आज सकाळी सहाच्या आत आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच व्हिडिओ तीन जणांकडून आला. एक उपदेशक मागे ज्वाळांचे चित्र लावून प्रभू येशूच्या पुन्हा येण्याची, म्हणजे जगाच्या शेवटाची, तारीख सांगतो, आणि बोलणे संपता संपता पडद्यावर पैसे पाठवण्याचा क्यूआर कोड येतो. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, कारण असले व्हिडिओ पुसून टाकण्याची बोटांना आता सवय झाली आहे. परंतु आठ वाजता बहिणीचा फोन आला की आयटीआयमध्ये शिकणारा तिचा मुलगा परीक्षेची फी भरायला तयार नाही. मी त्याच्याशी बोललो, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, प्रभू यायचाच आहे, तर सर्टिफिकेट घेऊन काय करू?"

तेव्हापासून मी दिवसभर चिडलेलो आहे, आणि दिवसभर मला आजोबा आठवत आहेत.

माझे आजोबा भुसावळ आणि जळगावच्या दरम्यान एका रेल्वे फाटकावर गेटमन होते. त्यांच्याजवळ रॉकेलवर चालणारी हातबत्ती होती. ती फिरवली की कधी लाल तर कधी हिरवी काच पुढे येई. दिवस मावळण्यापूर्वी ते कात्रीने वात कापत, चुलीतल्या राखेने काच घासत, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत आणि काडी बुडवून तेल किती उरले ते पाहत. साहेब लोक ट्रॉलीवरून रात्री-अपरात्री तपासणीला येत, आणि अर्थातच कळवून येत नसत. सुट्टीत मी तिथे राहायला असताना एकदा त्यांना विचारले होते, "आज साहेब येणार आहेत का?" काच उजेडाकडे धरून ते म्हणाले, "ते कळलं असतं, तर बत्ती रोज कशाला पुसली असती?"

या एका वाक्यात बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय आहे असे मी मानतो. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, स्वर्गातील दूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असे खुद्द प्रभूने सांगून ठेवले असताना, जे पुत्राला ठाऊक नव्हते ते या क्यूआर कोडवाल्याला कुठून कळले, हे विचारण्याची हिंमत आमच्या ग्रुपवर एकानेही केली नाही. उलट खाली सतरा वेळा 'आमेन' लिहिले गेले. साहेब मंगळवारी येणार हे ज्याला कळले, तो गेटमन सोमवारी संध्याकाळी बत्ती पुसेल आणि इतर दिवशी झोपेल. तारीख सांगणारा माणूस तयारी करवत नाही, तयारीतून सुटका करून देतो. आणि जगाचा शेवट इतका जवळ आला असेल, तर याला खात्यात पैसे कशासाठी हवे आहेत?

हे काही आजचे नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती आणि काही शेतकऱ्यांनी त्या वर्षी शेतातले पीक काढलेच नाही. खान्देशातल्या माणसाने डोळ्यांसमोर आणून पाहावे, कापूस फुटून लोंबतो आहे आणि मालक आकाशाकडे पाहत बसला आहे! पुढे तिथल्याच हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ सांगितली, ती गेल्यावर ऑक्टोबर सांगितला. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एकाने २३ आणि २४ असे दोन दिवस दिले होते, आणि तोही व्हिडिओ आमच्याकडे याच तिघांनी पाठवला होता. बायबलच्या काळी थेस्सलनीका शहरातल्या मंडळीतही काही जण काम न करता उगाच फिरत होते. त्यांना तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रेषित पौलाने स्पष्ट बजावले होते की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये.

युद्धे, भूकंप, दुष्काळ या चिन्हांविषयी प्रभू स्वतः बोलला आहे, हे मला मान्य आहे. त्याच दमात, एवढ्यात शेवट नाही, असेही तो म्हणाला आहे. आणि आमच्या मंडळ्या पेंगुळल्या आहेत, नाताळआधीच्या आगमनकाळात आम्हाला तारा आणि केक यापलीकडे काही सुचत नाही, हा त्या व्हिडिओवाल्यांचा आरोप, नाइलाजाने का होईना, मी कबूल करतो.

शेवटाचीच काळजी असेल, तर माझ्या आजोबांच्या त्याच लोहमार्गावर, भादली स्टेशनजवळ, ५ मे १९१८ रोजी आपल्या धरणगावचे बालकवी गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांना कोणी तारीख सांगितली होती?

इथवर लिहिल्यावर राग थोडा उतरला आहे. भाचा माझा वाईट मुलगा नाही. दोनदा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा त्याच पेपरला बसायची धास्ती त्याने घेतली असावी, आणि जगच संपणार म्हटल्यावर त्याला हायसे वाटले असावे. त्याला मी सकाळी मत्तय ऐकवला, ही माझी चूक झाली.

आजोबांकडे एकदा भर पावसात पुढच्या फाटकावरच्या गेटमनचा मुलगा रिकामी बाटली घेऊन आला होता. आजोबांनी काही न बोलता डब्यातले अर्धे रॉकेल ओतून दिले. मी रविवारच्या शाळेत दहा कुमारींची गोष्ट नुकतीच शिकून आलो होतो, म्हणून त्यांना शहाणपणाने सांगितले की वराची वाट पाहताना मूर्ख कुमारींचे दिवे विझू लागले, तरी शहाण्या कुमारींनी त्यांना आपले तेल दिले नव्हते. ते म्हणाले, "त्या लग्नाला निघाल्या होत्या, बाळा. इथं माणसं गाडीखाली येतील." ही गोष्ट मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी न्याय करणारा राजा भुकेल्याला अन्न दिले का आणि तान्हेल्याला पाणी पाजले का, एवढेच विचारतो, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचताना लक्षात आले.

संध्याकाळी भाच्याला पुन्हा फोन केला आणि फक्त इतकेच म्हणालो की फी मी भरतो, तू रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे ये. तो बराच वेळ बोलला नाही. आता थोड्या वेळापूर्वी त्याने नोटीस बोर्डाचा फोटो पाठवला आहे. शेवटची तारीख शुक्रवार, विलंब शुल्कासह सोमवार. अर्ज आम्ही आज रात्रीच भरणार आहोत.