‘जोडलंच नाही, तर धोका कसला?’

एक सल्ला सध्या खूप फिरतोय: ‘अनोळखी वाय-फायला जोडू नका, फायरवॉल चालू ठेवा, आणि जमलं तर विंडोज सोडून मॅक किंवा लिनक्स घ्या, मग वाय-फायवरून तुमच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावू शकत नाही.’ अनोळखी नेटवर्क टाळणं चांगलंच. पण बाकीच्या भरवशावर लोक अपडेट लांबवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘जोडू नका’. वाय-फाय चालू असलं की कॉम्प्युटर आजूबाजूची नेटवर्कं शोधत राहतो. यादीत दिसणारी नावं हवेतून आलेल्या पॅकेटांमधली (माहितीच्या छोट्या तुकड्यांमधली) असतात आणि ती पॅकेटं ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्राम, वाचतो, तुम्ही कशावरही क्लिक करण्याच्या आधी. नेटवर्कचं नाव नियमाने जास्तीत जास्त ३२ बाइटांचं. नोव्हेंबर २००६ मध्ये उघड झालं की ब्रॉडकॉम या चिप कंपनीचा विंडोज ड्रायव्हर ही लांबी नीट तपासत नव्हता. मुद्दाम लांब नाव पाठवलं की ते राखीव जागेबाहेर सांडायचं आणि पाठवणाऱ्याचा कोड थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालू शकायचा. यात पासवर्डचा प्रश्न येतोच कुठे?

नको ती पॅकेटं अडवणाऱ्या फायरवॉलचंही तेच. त्याच्यापर्यंत पोहोचतात ती ड्रायव्हरने वाचून वर पाठवलेली पॅकेटं. घाव ड्रायव्हरमध्येच बसला, तर फायरवॉलला ते पॅकेट दिसतही नाही. इंटरनेटवरची ये-जा कुलूपबंद करणारं व्हीपीएन तर त्याच्याही नंतरची गोष्ट.

आता मॅक आणि लिनक्स. त्याच २००६ सालात अ‍ॅपलने मॅकच्या एअरपोर्ट या वाय-फाय ड्रायव्हरमधल्या अशाच चुका सप्टेंबरमध्ये दुरुस्त केल्या. डिसेंबरमध्ये लिनक्सच्या मॅडवायफाय ड्रायव्हरची पाळी आली. फ्रीबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर जानेवारीतच नेटवर्क शोधतानाचा दोष सापडला होता. चौघांचे प्रोग्रामर वेगळे, पण दुखणं एकच: सी-सी++ सारख्या, लांबी आपोआप न तपासणाऱ्या भाषांमधला कोड, बाहेरून आलेल्या लांबीवर ठेवलेला विश्वास, आणि कर्नलचे पूर्ण अधिकार.

‘हे सगळं जुनं झालं’ असंही म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या वाय-फाय भागात बीकन पॅकेटांमधून (नेटवर्क ‘मी इथे आहे’ सांगायला पाठवतं त्या) वापरता येणारे दोष दुरुस्त झाले. ११ जून २०२४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या वाय-फाय ड्रायव्हरमधला दोष बुजवला. त्याची तीव्रता १० पैकी ८.८ होती आणि वापरणाऱ्याने काहीही करण्याची गरज नव्हती.

एवढं मात्र खरं की हल्लेखोर रेडिओच्या टप्प्यात असावा लागतो. दूर देशात बसून हे जमत नाही. पण रेल्वे स्टेशन, कॉलेजचं वाचनालय, विमानतळ इथे तो टप्पा सहज मिळतो.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही असो, सुरक्षा अपडेट आलं की त्याच दिवशी घ्या. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर वाय-फायचा नवा ड्रायव्हर आहे का, तेही पाहा. ब्रॉडकॉमच्या वेळी दुरुस्ती लॅपटॉप कंपन्यांमार्फतच यायची होती. आणि ज्या जुन्या मशीनला आता अपडेटच येत नाहीत, त्याचं वाय-फाय घराबाहेर बंद ठेवा. नुसतं ‘डिस्कनेक्ट’ करून भागणार नाही, वाय-फायचा रेडिओच बंद करा.