मेंदू चरबीचा म्हणून तूप ओतायचं का?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, मेंदू 60 टक्के चरबीचा असतो म्हणून तूप-लोणी-चीज बिनधास्त हाणा, कोलेस्ट्रॉल मेंदूचं खाद्य आहे, त्याच्या गोळ्या बंद करा आणि जाड माणसाला म्हातारपणी विसरभोळेपणा येत नाही. तलावपाळीवर चालायला भेटणाऱ्या काकांनी पण पाठवला, म्हणून एकदाच लिहितो.

60 टक्के हा आकडा मेंदूतलं पाणी काढून उरतं त्याचा आहे. जिवंत मेंदूत तीन चतुर्थांश पाणीच असतं, मग नुसतं पाणी पिऊन राहायचं का?

कोलेस्ट्रॉल मेंदूत भरपूर असतं हे खरंय, पण ते तो स्वतःच बनवतो, रक्तातलं आत जातच नाही. ते बाहेर रक्तवाहिन्यांमध्ये थर धरतं आणि मेंदूचाच रक्तपुरवठा अडतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी विसरभोळेपणा आणणाऱ्या आजाराची, टाळता येण्यासारखी 14 कारणं दिलीत, त्यात मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्ट्रॉल आहे, लठ्ठपणा तर आधीपासूनच होता. मेंदूला बाहेरून लागते ती ओमेगा-3 नावाची चरबी, त्यासाठी बांगडा-तारली खा की, मार्केटात मिळतात!

आता जाड माणसांचं, कारण इथे मेसेजवाल्याकडे अर्धं सत्य आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षं चाललेला व्हाइटहॉल अभ्यास आहे, त्यात पन्नाशीला लठ्ठ असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला, पण साठी-सत्तरीतल्या लठ्ठपणाशी तसा संबंध दिसला नाही. का, तर डिमेन्शियाचं निदान व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासूनच वजन उतरायला लागतं, म्हणजे म्हातारपणी बारीक माणसं जास्त आजारी दिसतात ती बारीक असल्यामुळे नाही, आजार आत सुरू झालाय म्हणून. उलटं वाचलं की असा मेसेज तयार होतो.

उंदरांना खूप चरबी खायला घातली तर मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागात काही दिवसांतच दाह (सूज) सुरू होतो, वजन फारसं वाढायच्याही आधी. अर्थात त्यांच्या खाण्यात बऱ्याचदा 60 टक्के कॅलरी चरबीच्या असतात, आपण तेवढं खात नाही, त्यामुळे वरणभातावरच्या चमचाभर तुपाला घाबरू नका.

भरपूर चरबीचं कीटो डाएट मात्र फिट्सवर 1920 च्या दशकापासून वापरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि काका, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, प्लीज.