जिद्द, चिकाटी वगैरेच्या जोरावर

माझ्या कॉम्प्युटरवर 'निवड मास्टर' नावाची कोरलची, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरची, एक फाईल आहे. वर भगवी पट्टी, डावीकडे फोटोची गोल चौकट, खाली शुभेच्छुकांचे आठ खाने आणि मधोमध कायमची बसलेली एक ओळ : 'जिद्द, चिकाटी आणि मेहनतीच्या जोरावर'. पुढे फक्त नाव आणि पद बदलायचं. पोलीस, तलाठी, अग्निवीर, पीएसआय, सीए, कधीमधी एखादी डॉक्टरीण. कराडात फ्लेक्सचं दुकान घालून मला सतरा वर्षं झाली. ही ओळ मी पहिल्यांदा कधी टाईप केली ते आठवत नाही, आणि त्यानंतर ती टाईप करायची वेळच आलेली नाही. नुसती कॉपी होत आलीय.

गेल्या आठवड्यात पाटणच्या बाजूचे दोघे भाऊ आले. धाकटा पोलिसात लागला. तिसऱ्या भरतीत. पहिल्या वेळेला एका मार्कानं गेला, नंतर करोनात भरती लांबली, मधल्या एका वेळी वेटिंगला राहिला. दहा बाय सहाचा फ्लेक्स हवा होता. मंडळाच्या पोरांनी शुभेच्छुकांची यादी आधीच पाठवलेली, आठच्या आठ खाने भरलेले. धाकटा म्हणाला, "काका, दादाचा फोटो माझ्या शेजारी घ्या. माझ्याएवढाच."

थोरला लगेच म्हणाला, "नको ओ. मी काय केलंय? उगं लोक हसतील."

चहा सांगितला आणि बसवलं दोघांना. बोलता बोलता निघालं ते असं. खरा पळणारा थोरला. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत गेलेला. वडिलांची कंबर गेली तेव्हा हा बारावीत होता, ते शिक्षण तिथंच थांबलं आणि तासवडे एमआयडीसीत कामाला लागला. पुढं धाकट्यानं भरतीचं मनावर घेतलं, तेव्हापासून हा रात्रपाळी करून पहाटे घरी यायचा, चहा घ्यायचा आणि मोटरसायकल परत बाहेर काढायचा. रस्त्यावर अंधार. हा गाडीवर, मागून धाकटा पळत. भरतीत सोळाशे मीटरला पैकीच्या पैकी, म्हणजे वीस मार्क घ्यायचे तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. त्याचा हिशोब ह्यानं गाडीच्या काट्यावर बसवलेला : काटा अठरा-एकोणीसच्या मध्ये धरायचा, धाकट्यानं हेडलाईटचा उजेड सोडायचा नाही. "गाडी एवढी हळू चालवली की पेट्रोल जास्त जातं," थोरला सांगत होता. "आणि हात भरून येतो क्लच धरून."

असं किती वर्षं? साडेचार.

'मी काय केलंय' म्हणणारा हा माणूस.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या ओळीतले तिन्ही शब्द खरे आहेत. जिद्द खरी, चिकाटी खरी, मेहनत तर खरीच. पण ती मधली वर्षं कुणीतरी काढलेली असतात. काढलेली म्हणजे अक्षरशः काढलेली, उसाच्या बिलातून, पतसंस्थेत ठेवलेल्या सोन्यातून, रात्रपाळीतून. चिकाटी पळणाऱ्याची असते, पण तिचा हप्ता दुसराच कोणीतरी भरत असतो. आणि फ्लेक्सचे पैसे शुभेच्छुक देतात, त्यामुळं फोटो कुणाचे हेही तेच ठरवतात. आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट आहे, यात कुणाला टोमणा नाही.

आमच्या दुकानापासून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर आहे. १५ जानेवारी हा पैलवान खाशाबा जाधवांचा वाढदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून होतो, त्यामुळं जानेवारीत त्यांचे फ्लेक्स येतातच. त्यावरही हीच ओळ. आणि मजकूर कायम असा : जन्म १९२६, गोळेश्वर, १९५२ हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सगळं बरोबर. पण १९४८ कुणी लिहायला सांगत नाही, कारण त्या वर्षी पदक नव्हतं. लंडनला ते सहावे आले. आपल्याकडं तांबड्या मातीत लढलेला गडी, तिथं पहिल्यांदा मॅटवर. मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यात केवढा फरक ते पैलवानाला विचारा. पाय रुतायची सवय असते, तिथं ते घसरतात. गुणही वेगळ्या हिशोबानं पडतात. अशा ठिकाणी पहिल्याच खेपेला जगात सहावा. माझ्या मते हा सहावा नंबर त्यांच्या अंगच्या गुणांचा दाखला, आणि चार वर्षांनी वरच्या वजन गटात जाऊन आणलेलं कांस्य हा मेहनतीचा. पण या दोन्हींच्या मध्ये पैसा उभा राहिला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावातून वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

पदक आणल्यावर निघालेली खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक सगळ्यांना माहीत आहे. ते गहाणखत फ्लेक्सवर घ्या असं मात्र आजवर एकानंही सांगितलेलं नाही. मी दोनदा सुचवून बघितलं. "नको, जागा नाही" म्हणाले. आठ शुभेच्छुकांना जागा होती.

बरं, गुणाचं काय? हल्ली एक बोलायची पद्धत पडलीय की गुण वगैरे काही नसतं, सगळं मेहनतीवर आहे. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे. फ्लेक्स यायच्या आधी मी पेंटर होतो. म्हणजे पेंटरच्या हाताखाली होतो. मामा म्हणायचो त्यांना, नात्यातले नव्हते. पहिले सहा महिने ब्रश रॉकेलमध्ये धुवायचे आणि टाकाऊ पत्र्यावर शिरोरेघा मारायच्या. मग अक्षरं. त्यात 'ळ' आला की माझी तंतरायची. 'ळ'ची दोन्ही पोटं सारखी आली पाहिजेत, आणि दुसरं पोट फिरवताना ब्रश उचलायचा नाही. मला आठ महिने लागले. माझ्याबरोबर मलकापूरचा एक पोरगा लागलेला, त्याला आठवडा. मामा त्याच्याकडं बघत बसायचे. पण त्याला एका जागी बसून रोज तेच करायचा कंटाळा. तीन महिन्यांत सोडून गेला, टेम्पोवर. मी राहिलो. माझ्या हातात त्याच्या निम्मंही नव्हतं, पण राहिलो, म्हणून शिकलो. तेव्हा चिकाटी कामाला येते हे मी मान्य करतो, पण त्याच्या 'ळ'ला माझा 'ळ' शेवटपर्यंत पोचला नाही हेही मला माहीत आहे.

आणि मग २००५-०६च्या सुमारास मशीन आलं. जी पाटी रंगवायला आम्हाला दोन दिवस लागायचे ती वीस मिनिटांत बाहेर. मामांना चाळीस वर्षांची मेहनत होती, अंगात गुण होता, जिद्दीला तर तोड नव्हती. तिन्ही शब्द होते. दोन वर्षांत काम बंद पडलं. मी कर्ज काढून त्याच मशीनवाल्यांच्या रांगेत जाऊन बसलो, याचं मला अजूनही थोडं लागतं. मामा अधूनमधून दुकानात यायचे. स्क्रीनकडं बघून म्हणायचे, "ह्या ळचं पोट बिघडलंय." फॉन्टच तसा आहे म्हटलं तर म्हणायचे, "मग फॉन्टवाल्याला सांग."

यश मिळालं की आपण त्याच्या मागं जाऊन मेहनत शोधतो, आणि ती सापडतेच, कारण ती असतेच. पण यश नाही म्हणून मेहनत नव्हती असं उलटं म्हणायला लागलो की लोकांवर अन्याय होतो. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवतोय का? वडिलांची पानटपरी. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं एकूण २४८ किलो उचललं. स्नॅचला, म्हणजे एका दमात डोक्यावर, ११३; क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, १३५. पुढं १३९ उचलताना हाताला दुखापत झाली, तरी तो तसाच परत आला आणि पुन्हा प्रयत्न केला. जमलं नाही. मलेशियाच्या खेळाडूनं २४९ केलं. एक किलो. आता त्या एका किलोत जिद्द कमी पडली म्हणायची की मेहनत? रौप्यपदक मोठंच आहे, सांगलीनं ते डोक्यावर घेतलं ते योग्यच केलं. मी हिशोबाबद्दल बोलतोय. वर पोचल्यावर सगळेच मेहनती असतात, सगळेच चिवट असतात, तिथं फरक पडतो तो एवढ्याशा गोष्टीनं. आपल्या साताऱ्याच्या तिरंदाज अदिती स्वामीनं २०२३ला बर्लिनला जागतिक अजिंक्यपद जिंकलं तेव्हा अंतिम फेरीत १४९-१४७. पंधरा बाण, पैकी चौदा दहावर आणि एक नऊवर. वय सतरा. (त्यानंतर आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांत धनुष्याची चौकशी झाली. कंपाऊंड धनुष्याची किंमत ऐकून दोन घरं बॅडमिंटनकडं वळली.)

माझ्याकडं फ्लेक्सला आयलेट, म्हणजे दोरीसाठीच्या कड्या, मारायला एक पोरगा आहे. पोरगा म्हणतो मी, तिशी गाठली त्यानं. पाच वर्षं भरती केली आणि वय उलटून एजबार झाला. आपल्याच बॅचच्या पोरांचे अभिनंदनाचे फ्लेक्स त्यानं स्वतःच्या हातानं फ्रेमला ठोकलेत, चौकात उभे केलेत. एकदा दोरी बांधता बांधता फोटोकडं बघून म्हणाला, "काका, ह्याच्यापेक्षा मी गोळा लांब टाकत होतो." ७.२६० किलोचा गोळा. आवाजात कडवटपणा नव्हता, माहिती दिल्यासारखं बोलला आणि दुसऱ्या बाजूची दोरी ओढायला गेला. त्याला जाऊन 'मेहनत केली की मिळतंच' असं कोण सांगणार? मी तर नाही. त्या पाच वर्षांनी त्याला काहीच दिलं नाही असंही नाही : सकाळी सातला दुकान तो उघडतो, एक दिवस उशीर नाही. पण हे आपण समजुतीचं बोलतो. त्याला खाकी पाहिजे होती.

कुणी म्हणेल, तुम्ही पोरांचा हुरूप घालवताय. घालवत नाही. पळा, अभ्यास करा, गोळा टाका. माझी मुलगी आठवीत आहे, तीही पहाटे उठते, आणि तिला सोडायला मीच जातो, डोळे चोळत. मला फक्त तिला खोटं सांगायचं नाही. 'तू केलंस की होईल' यापेक्षा 'तू कर, वर्षं मी काढतो, झालं तर बघू' हे मला बोलायला बरं वाटतं. ऐकायला तेवढं भारी वाटत नसेल.

त्या भावांच्या फ्लेक्सचं सांगायचं राहिलं. शेवटी मी आठातला एकही शुभेच्छुक हलवला नाही, गावात राहायचंय त्यांना. भगवी पट्टी अर्धा फूट बारीक केली, त्यातून जागा निघाली. थोरल्याचा नीट फोटोच नव्हता. धाकट्याच्या मोबाईलमध्ये एक सापडला : पहाटेचा, गाडीवर बसलेला, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, हेडलाईट कॅमेऱ्याकडं आणि चेहरा अर्धा उजेडात जळालेला. छपाईच्या दृष्टीनं एकदम बेकार. तोच घेतला. बॅकग्राऊंड उडवलं नाही. आणि 'मेहनतीच्या जोरावर'च्या आधी 'दोघांच्या' हा शब्द घातला. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या मास्टर फाईलला हात लावला.

फ्लेक्स न्यायला थोरला एकटाच आला. उघडून बघितला, स्वतःच्या फोटोवर नजर थांबवली नाही, कडेची शिलाई मात्र बोटानं तपासली. मग म्हणाला, "काका, एखादा खराब झालेला तुकडा आहे का मोठा? गोठ्यावर टाकायला. वळवाचा पाऊस म्हशीच्या अंगावर येतोय."

नाव चुकल्यामुळं परत आलेला एक बारा बाय आठचा पडून होता. दिला. म्हटलं, छापलेली बाजू आत ठेवा, उन्हानं रंग उतरतो.

"आत कशाला," तो घडी घालत म्हणाला, "म्हशीला काय वाचायला येतंय?"