रजिस्टर फेकलं हे खरं, तरी बडतर्फी का टिकली नाही?

परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर आवाज इतके चढले, की शेजारी बसलेले लोकही कान देऊन ऐकू लागले. विषय बंड्याने काढला. त्याच्या ओळखीतल्या एका सरकारी कार्यालयात एका लिपिकाने सगळ्यांसमोर महिला शिपायाला शिवीगाळ केली आणि आवक-जावकचं रजिस्टर तिच्या अंगावर फेकलं. निलंबन, विभागीय चौकशी आणि शेवटी बडतर्फी. तो मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेला आणि आदेश रद्द करून आला.

"आमच्या ऐरोलीच्या कंपनीत असलं काही केलं असतं ना, तर संध्याकाळच्या आत त्याचं ओळखपत्र काढून घेतलं असतं," बंड्या म्हणाला. "सरकारी नोकर म्हटलं की सगळं माफ!"

"मॅटने त्याला निर्दोष म्हटलंय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"तसं नाही. पण परत घ्या म्हणालेत."

"कशासाठी परत घ्या म्हणालेत, ते सांग की."

मग खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. त्या बाईंचा जबाब आधीच टाईप करून ठेवला होता, त्यांनी फक्त सही केली. लिपिकाने उलटतपासणी मागितली, तर 'गरज नाही' असा शेरा मारला गेला. चौकशी अहवालाची प्रत त्याला मिळालीच नाही, हातात पडला तो थेट बडतर्फीचा आदेश.

तात्या महसुलातून निवृत्त झालेत. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, शिस्त व अपील नियम 1979 पासून आहेत. नियम 8 मध्ये मोठ्या शिक्षेची सगळी रीत एकेक पायरी करून लिहिलीय. पण चौकशी अधिकाऱ्याला हे काम स्वतःचं टेबल सांभाळून करायचं असतं. मग तो काय करतो? जुनी फाईल काढतो आणि नावं बदलतो."

वकीलसाहेब सांगत होते ते मला फार महत्त्वाचं वाटलं. घटनेच्या कलम 311 प्रमाणे राज्य सरकारच्या नागरी सेवेतल्या माणसाला आरोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊनच बडतर्फ करता येतं. अपवाद आहेत, फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असेल तर वगैरे, पण ते इथे लागत नाहीत. (महापालिकेच्या कर्मचाऱ्याला 311 लागू नाही, तरी बाजू ऐकून घेण्याचं तत्त्व त्यालाही लागतंच.) अहवालाची प्रत दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने करुणाकर प्रकरणात 1993 सालीच सांगून ठेवलंय.

"म्हणजे कागद चुकला की माणूस सुटला," बंड्या म्हणाला.

"सुटला कुठे? त्याच निकालात पुढचंही आहे. प्रत न मिळाल्याने खरंच नुकसान झालं का, हे न्यायालय आधी बघतं. झालं असेल तर चौकशी जिथे बिघडली तिथून पुढे चालवायची. त्यासाठी माणूस कागदोपत्री परत येतो, त्याला पुन्हा निलंबित करता येतं, आणि मधल्या पगाराचं काय ते शेवटच्या निकालावर ठरतं."

खरं म्हणजे कायदा कार्यालयाकडे किती थोडं मागतो! विभागीय चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. हरियाणातल्या एका बस कंडक्टरचं 1977 चं प्रकरण वकीलसाहेबांनी सांगितलं. भरारी पथकाला विनातिकीट प्रवासी सापडले, चौकशीत एकाही प्रवाशाची साक्ष झाली नाही, तरी सर्वोच्च न्यायालयाने कारवाई कायम ठेवली. चौकशी नीट झाली असेल तर न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही. शिक्षेतही सहसा हात घालत नाही, ती मनाला धक्का देईल इतकी जबर असेल तरच. आणि एवढं सोपं असूनही या कार्यालयाला समोरच्या माणसाला चार प्रश्न विचारू देणं जमलं नाही. मला राग आला तो याचा.

इतका वेळ गप्प असलेल्या ताई तेव्हा बोलल्या. त्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. "तुम्ही सगळे त्याच्याबद्दलच बोलताय. त्या बाईंचं काय? त्यांना आता पुन्हा सगळं सांगायचं, तेही त्याच्यासमोर. तेव्हाचे साक्षीदार कुठे कुठे बदलून गेले असतील. आणि हा रोज त्याच कार्यालयात दिसणार."

यावर कोणाकडे पटकन उत्तर नव्हतं. माझं मत तिथेच पक्कं झालं. उलटतपासणी नाकारून साहेबाने तिची बाजू घेतली असं वरवर दिसतं, प्रत्यक्षात त्याने तिची तक्रार कच्ची ठेवली. तिचं म्हणणं उलट प्रश्नांना उतरून टिकलं असतं, तर मॅटमध्ये लिपिकाच्या वकिलाला बोलायला फारसं उरलं नसतं. 'आम्ही कडक कारवाई केली' असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने ती कारवाई टिकेल याची काळजी घेतली नसेल, तर त्याने तक्रारदाराला वाऱ्यावर सोडलं, असंच मी म्हणेन. आणि लिपिकाचं म्हणायचं, तर त्याने खरंच रजिस्टर फेकलं असलं तरी प्रश्न विचारायचा हक्क त्याला होताच. तो मागून त्याने काही गैर केलं नाही. बंड्याला हे अजिबात पटलं नाही.

"बरं, आता करायचं काय?" त्याने विचारलं.

"चौकशी अधिकारी बदलून घ्यायचा," तात्या म्हणाले. "लिपिकाला निलंबित तरी करा, नाहीतर दुसऱ्या कार्यालयात बसवा. बाईंची साक्ष आणि उलटतपासणी एकाच दिवशी उरका, तारखा पडू देऊ नका."

"आणि तो आजारपणाचं सर्टिफिकेट घेऊन आला तर?" ताईंनी विचारलं.

"एकदा ऐकायचं," वकीलसाहेब म्हणाले. "दुसऱ्यांदा आणलं तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवायचं. तिथेही गेला नाही तर रीतसर नोटीस देऊन, तशी नोंद करून त्याच्या गैरहजेरीत चौकशी पुढे न्यायची. तीही टिकते, पण नोटीस पोचल्याची पोच फाईलला हवी."

"ती पोच कोण सांभाळणार?" बंड्या म्हणाला, आणि तात्यांशी त्याचं पुन्हा जुंपलं.