स्वस्त रोबोला ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. हजार रुपयांच्या आसपास बनणारा ओपन सोर्स, म्हणजे खुल्या आराखड्याचा, रोबो म्हणजे निव्वळ खेळणं, बिघडला तर त्याला वाली नाही, आणि खरं रोबोटिक्स शिकवायचं तर शाळेने महागडं, ब्रँडेड किटच घ्यावं, असं त्यात म्हटलंय. मी सुट्टीच्या दिवशी शाळांमध्ये मुलांकडून असेच रोबो बनवून घेतो. हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी ‘खेळणं’. आमच्या रोबोत प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड, बोर्डाच्या हुकमाने मोटरींना वीज देणारा मोटर ड्रायव्हर, बॅटरीवर चालणाऱ्या दोन पिवळ्या (बीओ) मोटरी, काळं-पांढरं ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर आणि सेल एवढंच असतं. सातवीच्या मुलांनी जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ जमिनीवर अंथरली, त्यावर काळी टेप चिकटवून वाट आखली. सकाळी रोबो त्या वाटेवरून नीट चालला. अकराच्या सुमारास खिडकीतून ऊन आलं आणि उन्हाच्या पट्ट्यात तो दरवेळी भरकटू लागला. मुलांनी वायरी हलवून पाहिल्या, सेल बदलले. शेवटी एक मुलगी खिडकीत दप्तर आडवं धरून उभी राहिली. सावली पडली आणि रोबो वाटेवरून सरळ गेला! सेन्सर अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडतो. पांढरा पृष्ठभाग ते परत पाठवतो, काळी टेप शोषून घेते. उन्हातही अवरक्त किरण असतात, म्हणून सेन्सरला काळंही पांढरं वाटतं. मुलांनी मग सेन्सरभोवती पुठ्ठ्याचा आडोसा केला. हे खेळणं असेल तर प्रत्येक वर्गात असावं.

स्वस्त म्हणजे टाकाऊ, हेही खरं नाही. आफ्रिकन रोबोटिक्स नेटवर्कने २०१२मध्ये दहा डॉलरच्या शैक्षणिक रोबोची स्पर्धा घेतली होती. थायलंडहून आलेला एक विजेता रोबो जुन्या गेम कंट्रोलरपासून बनवलेला होता. कंट्रोलर थरथरवणाऱ्या मोटरींना चाकं लावलेली, आणि अंगठ्याने हलवायच्या दोन दांड्यांवर लॉलीपॉप खोचलेले. रोबो कशाला धडकला की लॉलीपॉप झुलायचे, दांड्या हलायच्या, आणि टक्कर झाल्याचं कळायचं. खर्च नऊ डॉलरच्या आत.

आता ‘वाली नाही’. ओपन सोर्स म्हणजे आराखडा आणि प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला. आर्डुइनो २००५मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावी सुरू झाला, तेव्हापासून त्याच्या बोर्डांचे आराखडे कुणालाही उतरवून घेता येतात. म्हणूनच तसे बोर्ड इतके स्वस्त मिळतात. आमच्याकडे एकदा उलट्या जोडणीने मोटर ड्रायव्हर जळला. दुसरा दीड-दोनशे रुपयांत आला आणि ज्याने जाळला त्यानेच तो बसवला. याउलट एका शाळेत मी महागडं किट काचेच्या कपाटात कुलूपबंद पाहिलं. त्याची खास केबल हरवली होती, दुसरी कुठली चालत नव्हती. उरलेले भाग धडधाकट होते, पण मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. महाग वस्तू फुटेल ही शाळेची भीती मला समजते. पण हात न लावता मूल शिकणार काय?

मोटरी हलक्या असतात, हे मात्र मान्य. प्लॅस्टिकचे गिअर झिजतात. दोन मोटरींना सारखाच वेग दिला तरी एक मागे पडते आणि रोबो एका बाजूला ओढला जातो. मग मुलं एका चाकाला १५० आणि दुसऱ्याला १३८ असे वेगाचे आकडे प्रोग्रॅममध्ये देत, फरशीच्या रेषेवर चालवून बघत तो सरळ करतात. अशा दुरुस्तीत अख्खा तास जातो, आणि मला तो तास सगळ्यात मोलाचा वाटतो.

शिक्षकांना हे येत नाही, असंही त्या मजकुरात शेवटी आहे. तयारीशिवाय कुणालाच येणार नाही, आणि महागड्या किटनेही ती अडचण सुटत नाही. मी शिक्षकांना पहिल्या दिवशी फक्त एक दिवा लुकलुकवायला लावतो. दुसऱ्या दिवशी एक मोटर. सेन्सर तिसऱ्या दिवशी येतो, तोवर निम्मे प्रश्न त्यांनी मुलांना विचारून सोडवलेले असतात.