उजेडाचा लिलाव

सप्टेंबर २०२२ च्या पगारात ३०० युरो जास्तीचे आले. ऊर्जा महागली म्हणून जर्मन सरकारने कमावत्या करदात्यांना ते दिले होते. कर कापून का होईना, ते मलाही मिळाले आणि मला त्यांची गरज नव्हती. दोनच महिन्यांपूर्वी पंतप्रधान मोदींनी मतांसाठी वाटलेल्या फुकट सवलतींना ‘रेवडी’ म्हटलं होतं आणि भारतात मोफत विजेवरून रान पेटलं होतं. श्रीमंत देशांत असले लाड चालतात का, असं तिकडचे मित्र विचारायचे. चालतात, आणि फार मोठ्या प्रमाणावर चालतात.

युक्रेन युद्धाआधी जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता. तो आटल्यावर इथल्या सरकारने २०० अब्ज युरोंची तरतूद जाहीर केली, पडेल त्या भावाने जहाजांवरचा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) घेतला, आणि डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेन बंदरात तो उतरवायचं टर्मिनलही उभं केलं. आमची घरं उबदार राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानने दहा जहाजं एलएनजीसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही; विकणारे जास्त भाव देणाऱ्या युरोपकडे वळले होते. बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदीच थांबवली आणि भारनियमन सुरू केलं. आमच्या उबेचा आणि त्या अंधाराचा संबंध आहे, हे मला अजून टोचतं.

बरं, देशाच्या आत तरी न्याय झाला का? इथे गॅसची सवलत आधीच्या अंदाजित वापराच्या ८० टक्क्यांवर होती, म्हणजे सहा खोल्यांच्या बंगल्याला एका खोलीतल्या भाडेकरूपेक्षा कितीतरी जास्त मदत. त्यापुढे दिल्लीची २०० युनिटांपर्यंतची मोफत वीज मला अधिक शहाणपणाची वाटते. तिला निदान मर्यादा आहे, आणि जास्त वापरणाऱ्याला ती मिळत नाही. रेवडी म्हणून हिणवायचंच असेल, तर आधी इथल्या सवलतीला हिणवा.

पण म्हणून आपल्याकडचं सगळंच बरोबर, असंही मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली. त्यातही मोठ्या पंपाला फायदा मोठा. ज्याच्याकडे विहीरच नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून काय मिळालं, हे बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या कुणीही मला अजून सांगितलेलं नाही.