दुपारी उगवणारा चंद्र

"मामा, दरवेळी एवढं काय टाइप करत बसता? डेस्कटॉपवर आयकॉन करून टाका की!" दिवाळीला आलेला भाचा फराळ करता करता एवढं बोलला आणि नाशिकला निघून गेला. माझे दोन रविवार त्यात गेले.

टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, टाइप करायची ओळ खरं तर एकच. आम्हा हॅम रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हौसेने रेडिओवरून जगाशी बोलणाऱ्यांसाठी, घड्याळाचं एक सॉफ्टवेअर असतं. गच्चीवरच्या खोलीत, जिला मी 'शॅक' म्हणतो आणि सौ. 'अडगळ', तिथे ते रास्पबेरी पाय नावाच्या एका जुन्या, तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं. घड्याळ म्हणजे नुसते काटे नव्हेत. जगाचा नकाशा, त्यावर सरकणारी दिवसरात्रीची सीमा (ती आपल्या डोक्यावरून जाताना ४० मीटरच्या रेडिओ-पट्ट्यावर कुठले कुठले लोक सापडतात!), कॅनडात पेंटिक्टनला मोजलेला सूर्याचा फ्लक्स (त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा जोर), चंद्र कधी उगवणार, कधी मावळणार. वेळ मात्र यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे. त्यामुळे माझी तारीख मध्यरात्री बदलत नाही. पहाटे साडेपाचला, दूधवाल्याबरोबर बदलते.

आयकॉन म्हणजे पाच-सहा ओळींची एक फाइल. नाव, चित्र आणि प्रोग्रामचा पत्ता. लिहिली, दोनदा टिचकी मारली. पडद्यावर प्रश्न आला: चालवू, टर्मिनलमध्ये चालवू, की नुसती उघडू? पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखा. 'चालवू' म्हटलं. काही झालं नाही. 'टर्मिनलमध्ये' म्हटलं. काळी खिडकी डोळा मिचकावून गेली.

तीन तासांनी कळलं. पत्त्याच्या सुरुवातीला मी ते नागमोडी चिन्ह (~) टाकलं होतं. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'माझं घर'. आयकॉनच्या फाइलला ही घरगुती भाषा कळत नाही. तिथे अगदी मुळापासून पूर्ण पत्ता लागतो. मोर्सच्या परीक्षेलाही मी इतका घामाघूम झालो नव्हतो.

मग चित्र. अँटेना असलेलं घड्याळ शोधण्यात दुसरा रविवार गेला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

शेवटी जमलं. एका टिचकीत जग उघडलं! मी सौ.ला हाक मारून वर बोलावलं, तिने पाहिलं, "छान आहे," म्हणाली आणि त्याच क्षणी वीज गेली. परत आली तेव्हा पायच्या मते वीज अजून गेलेलीच नव्हती. या जुन्या पायमध्ये वेळ सांभाळणारी बॅटरी नसते. बंद पडण्याआधी शेवटची जी वेळ टिपलेली असते तिथूनच तो पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट येईपर्यंत कुणाचं ऐकत नाही. राउटर जागा होईपर्यंत एफटी८वर, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायच्या रेडिओ-पद्धतीवर, मी हाका मारत राहिलो. तिथे सगळा खेळ १५ सेकंदांच्या पाळ्यांचा, दोन-तीन सेकंद चुकलात की तुमचं बोलणं कुणाला उलगडत नाही. आणि हे सगळं घड्याळाच्या सॉफ्टवेअरसमोर बसून.

परवा संकष्टी होती. मी बँकेत गेलो होतो. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पिठाच्या डब्यामागे पडलेलं, म्हणून सौ. आपण होऊन गच्चीवर गेली आणि माझ्या आयकॉनवर टिचकी मारली. माझ्या दोन रविवारांचं सोनं झालं होतं, आणि ते बघायला मी घरी नव्हतो.

आलो तर ती दारातच.

"अहो, तुमच्या घड्याळात चंद्र दुपारी उगवतो. पावणेचारला."

"ते यूटीसी आहे. पंधरा बेचाळीस. त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे..."

"सकाळपासून उपाशी आहे मी," ती म्हणाली. "बेरजा तुम्ही करा. आणि तो डबा सरकवा जरा."

डबा सरकवला. कॅलेंडरवर नऊ बारा होतं. माझंही नऊ बाराच आलं, पण तोवर ती मोदकांची उकड काढायला गेली होती.